इस्माईलची अकरा पानं

इस्माईल गेल्याचं मला घोडेगावच्या एसटी स्टँडवर कळलं. रविवार होता. रविवारी सकाळच्या गाडीनं मी जुन्नरला जातो, इस्माईलच्या दुकानात दोन तास बसतो आणि दुपारच्या गाडीनं परत येतो, हे स्टँडवर सगळ्यांना ठाऊक होतं. कंट्रोलरनं खिडकीतून हाक मारली आणि म्हणाला, "सर, तुमचं इस्माईलभाई पहाटं गेलं. छातीत कळ आली म्हणं. आत्ता जुन्नरच्या गाडीवाल्यानं सांगितलं." मी "बरं" म्हणालो. हातात पिशवी होती आणि तिच्यात त्याच्यासाठी घेतलेल्या वाटाण्याच्या शेंगा होत्या. गाडी लागली तसा मी नेहमीच्या जागेवर जाऊन बसलो. दुपारी कब्रस्तानात सगळ्यांसारखी मीही तीन मुठी माती टाकली, तेव्हा लक्षात आलं की शेंगांची पिशवी अजून माझ्या डाव्या हातात आहे. कुणीतरी ती हळूच काढून घेतली. ती पुढे कुठं गेली मला माहीत नाही.

याला आता सहा-सात आठवडे होऊन गेले. या पुरवणीच्या वाचकांना इस्माईल कोण, हे माहीत असायचं कारण नाही. जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत त्याचं मोटर भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटर जळाली की आपण म्हणतो 'भरायला टाकली', ते काम. त्याखेरीज तो घरी यंत्रमानव बनवायचा. हौस म्हणून. मी घोडेगावच्या शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. दोघं एकाच वयाचे. मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला शेवटपर्यंत 'सर' आणि 'तुमी' म्हणत राहिला. हे मला त्या वेळी कधी खटकलं नाही. आता खटकतं.

ओळख झाली ती नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास, आमचीच मोटर जळाली म्हणून. आमची शेती महाळुंगे पडवळला, थोरला भाऊ आणि वहिनी ती बघायचे. भाऊ आजारी होता म्हणून मोटर घेऊन जुन्नरला मला जावं लागलं. मला घाई होती, आणि हा गृहस्थ समोर बसून जळलेल्या तारेचा काळाठिक्कर पडलेला गुंडाळा हातात धरून एकेक वेढा मोजत होता. मोजता मोजता वहीत लिहीत होता. मी जरा चिडूनच विचारलं की कुठल्या मोटरीला किती वेढे लागतात हे कंपनीच्या पुस्तकात असेलच ना, मग ही राख कशाला चिवडत बसलायस? त्यानं मान वर केली नाही. मोजणी पुरी झाल्यावर म्हणाला, "पुस्तकात नव्या मोटरीचं आसतं, सर. ही तुमची हाय. जळाल्यालं आधी मोजायचं, मग नवं भरायचं. का जळाली ते नाय कळलं, तर परत जळती." त्याच्या वहीत प्रत्येक मोटरीची अशी नोंद होती. कुणाची, कुठल्या गावची, किती वेढे, तार केवढी जाड, कशानं जळाली. अक्षर भयंकर होतं आणि ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता. माझा स्वभाव असा की मला आधी चुका दिसतात आणि माणूस उशिरा दिसतो. तरी त्या दिवशी मी तिथंच बसून राहिलो आणि माझी गाडी चुकली.

पुढं रविवारी जायची सवय लागली. तो रद्दीतून इंग्रजी इलेक्ट्रॉनिक्सची मासिकं आणायचा आणि मी त्यातलं त्याला मराठीत सांगायचो. मला त्यातलं विज्ञान कळायचं नाही, त्याला इंग्रजी कळायचं नाही, पण दोघं मिळून कसंबसं भागायचं. भंगारातल्या गाड्यांच्या वायपरच्या मोटरी, टेपरेकॉर्डरची दातेरी चाकं, सायकलचे स्पोक, तेलाच्या डब्याचा पत्रा यातून त्यानं गुडघ्याएवढं एक यंत्र केलं. चार पाय होते आणि ते टेबलावरून डुलत चालायचं, कड आली की थांबायचं. गल्लीतल्या लोकांनी त्याचं नाव 'पावणा' ठेवलं. चहावाला येता-जाता विचारायचा, पावण्याला साखर किती टाकू? इस्माईल हसायचा. पण कड आल्यावर दहापैकी दोनदा पावणा थांबत नव्हता आणि खाली पडत होता, त्याचं त्याला हसू येत नव्हतं. तो दुसरी वही काढून बसायचा. पडला कसा, उजेड कुठून होता, बॅटरी किती उतरली होती… सगळं लिहायचा.

एकदा तो पावण्याला घेऊन आमच्या शेतावर आला. वहिनी कांद्याला पाणी देत होती. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बंद करायचं आणि पुढच्याचं फोडायचं, याला दारं धरणं म्हणतात. वीज असेल तेवढा वेळ गुडघाभर चिखलात उभं राहायचं आणि जागचं हलायचं नाही. वहिनीच्या पायांना भेगा पडून त्यात चिखल मुरलेला असायचा. तिनं बांधावरून चालणारं ते यंत्र थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, चालतंय झ्याक. पर चालून काय करतंय? दारं धरंल का?" परत जाताना गाडीत इस्माईलनं मला तीनदा विचारलं की वाफा भरला हे वहिनीला कळतं कशावरून?

मग दोन वर्षं तो त्याच एका गोष्टीमागं होता. नवा पावणा वाफ्याच्या कडेनं चालायचा आणि दोन खिळे वाफ्यात सोडून उभा राहायचा. पाणी खिळ्यांपर्यंत चढलं की पाण्यातून वीज जायची, आत खटका पडायचा, पत्र्याची झडप वाफ्याचं तोंड बंद करायची आणि पावणा पुढच्या वाफ्याकडे चालू लागायचा. सांगायला सोपं आहे. तो रुतायचा, पाटात पडायचा, खिळ्याला काडी अडकली की भरला नसलेला वाफा भरला समजायचा. एकदा वहिनीच्या पातळाचा पदर त्यानं झडपेत धरून ठेवला होता. सुट्टीच्या दिवशी मीही बांधावर छत्री धरून बसायचो आणि तो सांगेल ते लिहून घ्यायचो. खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस. माझ्या हातून कधी काही नवं घडलं नव्हतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांचं तपासत आलो होतो.

दोन हजार सालाच्या आसपास पुण्यातल्या हौशी लोकांच्या एका गटाची माहिती मासिकात आली. वर्षातून एकदा ते एका सभागृहात जमायचे. प्रत्येकानं आपल्या यंत्रावर निबंध लिहून आधी पाठवायचा, मग तिथं दहा मिनिटं बोलायचं आणि लगेच टेबलावर यंत्र चालवून दाखवायचं. नुसता निबंध घेत नसत आणि नुसतं यंत्रही घेत नसत. जे लिहिलंय तेच यंत्रानं केलं पाहिजे, हा नियम. इस्माईलला हा नियम फार आवडला. मराठीत लिहिलेलं चालत होतं. त्यानं पंधरा दिवस दुकान अर्धवट ठेवून निबंध लिहिला आणि शुद्ध करून घ्यायला माझ्याकडे दिला. तेरा पानं होती. पहिली अकरा पानं काय काय चुकलं त्याची, आणि शेवटची दोन काय जमलं त्याची.

आता मला जे लिहायचं आहे ते मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो. ती अकरा पानं मी काढून टाकली. वक्तृत्वाच्या स्पर्धेला मुलं तयार करण्यात माझा हातखंडा होता. सुरुवात दणदणीत हवी, आपलं उणं आपण सांगू नये, हेच मी वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. पुण्याचे इंजिनीअर लोक समोर बसणार आणि हा जुन्नरचा मोटरवाला उभा राहून आधी आपल्या फजित्या वाचणार, हे मला सहन होईना. मी दोन पानांची सहा पानं केली. सुरेख केली. आमच्या तालुक्याच्या पाणीटंचाईवर एक परिच्छेद घातला, कष्टकरी भगिनींवर एक घातला. माझ्या वळणदार अक्षरात लिहून पोस्टात टाकलं आणि इस्माईलला सांगितलं की जरा आटोपशीर केलंय. तो म्हणाला, सरांनी केलं म्हणजे झालं. वाचायला मागितलंसुद्धा नाही.

पुण्याला आम्ही एसटीनं गेलो. पावणा इस्माईलच्या मांडीवर आणि आमच्या शेतातली माती दोन पोत्यांत. सभागृहात टेबलावर पत्र्याच्या मोठ्या परातीत त्यानं मातीचे दोन वाफे केले, बोटानं पाट ओढला. लोक कौतुकानं बघत होते. छापलेली पुस्तिका सगळ्यांना वाटली होती, पण इस्माईलला ती उघडायला उसंत नव्हती. एक स्वयंसेवक पाण्याची दोन भांडी घेऊन आला. इस्माईलनं विचारलं, "लिवल्यापरमानं हाय ना?" त्यानं पुस्तिकेत बघितलं आणि हो म्हणाला. पुस्तिकेत फक्त एवढंच होतं, पाणी दोन भांडी. तेही माझंच.

इस्माईल चांगला बोलला. मी पाठ करून घेतलेली वाक्यं तो विसरला आणि आपल्या भाषेत बोलला म्हणूनच चांगला बोलला. मग त्यानं पाणी सोडलं. पहिला वाफा भरत आला, पाणी खिळ्यांना लागलं, आणि पावणा तसाच उभा राहिला. वाफा फुटला. परात भरली, चिखलाचं पाणी टेबलावरून खाली आलं आणि पुढच्या रांगेतल्यांच्या बुटांत गेलं. कुणीतरी हसलं, कुणी वर्तमानपत्र आणायला धावलं. इस्माईलनं वाकून पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि त्याला कळलं. ते सभागृहातलं गाळून शुद्ध केलेलं प्यायचं पाणी होतं. आमच्या विहिरीचं पाणी जड, त्यातून वीज सहज जाते. या पाण्यातून पुरेशी जात नव्हती.

पुढं बसलेल्या एका वयस्कर इंजिनीअरनं, अगदी सौम्यपणे, विचारलं की वेगवेगळ्या पाण्यावर चाचण्या घेतल्या होत्या का. इस्माईल म्हणाला, "घेतल्या ना. पावसाच्या पाण्यात फसतंय ते. इथं विहिरीचंच पाणी पायजे म्हणून पैल्याच पानावर लिवलंय." सगळ्यांनी पानं उलटली. मलाही तो आवाज ऐकू आला. मग त्या गृहस्थांनी आपली पुस्तिका उठून इस्माईलच्या हातात दिली. त्यानं ती वाचली. तो सावकाश वाचायचा. एकदा पुढून मागं, एकदा मागून पुढं. त्यानंतर त्यानं माझ्याकडे बघितलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. मला उठता आलं असतं. 'ती पानं मी काढली' एवढी तीन-चार शब्दांची गोष्ट होती, आणि शब्द हा तर माझा धंदा. मी खाली ओल्या फरशीकडे बघत राहिलो.

"माझ्याकडनं राहिलं," इस्माईल म्हणाला.

नियमाप्रमाणे त्याचं नाव गटाच्या यादीतून काढलं गेलं. त्यात कुणाचा दोष नाही. लिहिलेलं आणि दाखवलेलं जुळत नव्हतं, आणि चुकलेलं लपवून ठेवलंय असा त्याचा अर्थ होत होता. ज्या माणसानं जन्मात एक जळका वेढा लपवला नाही, त्याच्यावर हे आलं. परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला होता. खेड गेलं. मग त्यानं डबा काढला, त्याच्या बायकोनं, भाभींनी, दिलेली चपाती आणि खिमा होता. मी खिमा खात नाही हे त्यांना माहीत असल्यानं माझ्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी होती. "खावा, सर. सकाळपासनं उपाशी हायसा," एवढंच म्हणाला. मी खाल्लं. मंचरला उतरलो आणि गाडी त्याला घेऊन नारायणगावकडे गेली. उद्या सांगू, असं मी ठरवलं होतं.

उद्या झालं नाही, मग रविवारी सांगू म्हटलं. रविवारी दुकानात गिऱ्हाईक होतं. पुढच्या रविवारी त्याचा चेहरा बरा दिसत होता, मग वाटलं कशाला खपली काढा. अशी आठ वर्षं गेली. माणूस इतका भित्रा असू शकतो याची मला कल्पना नव्हती, आणि मी तर फळ्यावर सुविचार लिहिणारा. त्यानं मधल्या काळात पावणा दुरुस्त केला. आता तो आधी पाटातल्या पाण्यात खिळे बुडवून ते कसलं पाणी आहे ते बघायचा आणि मग वाफ्याकडे वळायचा. कुठल्याही पाण्यात चालायचा. एक अख्खा हिवाळा वहिनीनं त्याच्यावर कांदा भिजवला आणि ती बांधावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायची. मी दर वर्षी म्हणायचो, इस्माईल, आता पुण्याला चल, आता कुणाची हिंमत नाही नाव ठेवायची. तो म्हणायचा, "जाऊ की. पर आधी मागलं मिटू द्या." मला कळत होतं. कळत नाही असं दाखवून मी दुसरा विषय काढायचो.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाला मी जुन्नरला गेलो. भाभी नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतमध्ये आहेत, पुरुषांसमोर येत नाहीत. दुकानामागच्या खोलीच्या दारावर पडदा होता आणि त्या आतल्या बाजूला बसल्या होत्या. दुकान आता त्यांची मुलगी नसीम बघते, तिला बापानं सगळं काम शिकवलंय. ती एका मोटरीची तार सोडवत होती. मी लाकडी बाकावर बसलो, आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघालं. पडद्याकडे बघून मी सगळं सांगितलं. पानं काढली ते, पोस्टात टाकलं ते, फरशीकडे बघत बसलो ते. नसीमचे हात थांबले होते.

आतून भाभी म्हणाल्या, "आमाला म्हाईत हाय, सर. पुण्यावनं आले त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. मी बोलले, जाऊन विचारा सरास्नी. तर म्हनले, न्हाई. विचारून घेतलं तर त्याला काय अर्थ न्हाई. सर आपनहून सांगतील." मग म्हणाल्या, "दर ऐतवारी तुमी दारात दिसले का ते रेडिओ बंद करायचे. मला म्हनायचे, आज सांगतील."

मला ते आठवलं. दुकानात दिवसभर रेडिओ चालू असे. मी पायरी चढलो की तो हात लांब करून बटण पिळायचा. खट्ट. आठ वर्षं, एकही रविवार चुकला नाही. मला वाटायचं माझ्या बोलण्याला तो मान देतो, आणि मला ते आवडायचं. मी बसायचो आणि शाळेतलं राजकारण, माझी पेन्शन, कांद्याचा बाजार असं काहीबाही दोन तास बोलायचो. तो मोटर भरता भरता ऐकत असायचा. उठायची वेळ झाली की 'बराय, सर' म्हणायचा, आणि मी पायऱ्या उतरलो की मागं गाणं पुन्हा सुरू व्हायचं… आता ते मला रोज ऐकू येतं.

पुण्याच्या त्या गटाला मी पत्र लिहिलं आहे. ते अजून जमतात की नाही, माहीत नाही. हा लेखही त्यासाठीच आहे. निबंधात त्याच्याकडून काही राहिलं नव्हतं. मी काढलं होतं.

परवाच्या रविवारी पुन्हा गेलो. सवय मोडत नाही. नसीम एकटी होती आणि रेडिओवर कसलासा शेतीचा कार्यक्रम चालू होता. मला पायरीवर बघून तिनं हात पुसले आणि बटणाकडे हात नेला. मी म्हणालो, "असू दे चालू, बाळ. माझं सांगून झालं."

तिनं तरीही तो बंद केला.